राजाची एक उडी

१ जानेवारी २०२५, शेलूबाजार

ही डायरी कृषी केंद्रवाल्याने दिली. प्रत्येक पानाच्या खाली फवारणीचा एकेक सल्ला छापला आहे. आजचा सल्ला हरभऱ्यावरच्या अळीचा. माझ्याकडे ना वावर, ना हरभरा. एक शिलाई मशीन आहे आणि दोन दुखरे गुडघे. पण फुकट मिळाली, घेतली. बायको, वच्छला, म्हणाली, "दिवसभर जे पुटपुटत राह्यता ते आता याच्यात लिहा. माह्या कानाले आराम भेटन."

म्हणून लिहितो. मी जानराव, वय पासष्ट, एसटी स्टँडच्या मागचं शिलाईचं दुकान माझं. लिहायला बसलो की शाळेतली भाषा येते आणि राग आला की घरची. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. वाचणारा म्हणजे मीच.

आज लिहिण्यासारखं दोनच. शालिग्रामशी माझं बोलणं बंद होऊन चौदा महिने झाले. आणि त्याचं मला काही वाटत नाही.

४ जानेवारी

सुनेने आज मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पल्लवी आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. गावातल्या अर्ध्या लोकांना तिने सुया टोचल्या आहेत, त्यामुळे तिला कोणाची भीती नाही, माझी तर मुळीच नाही.

"बाबा, वाशीमले बुद्धिबळाची स्पर्धा हाये. आठ अन नऊ फेब्रुवारी. टाकू का तुमचं नाव?"

"मले काय काम नाई का?"

"नाई ना. चौदा महिने झाले, संध्याकाळी दुकानात बसून भिंतीकडं पाहून राह्यले तुमी."

मी तिला मशीनचं तेल आणायला पाठवणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली की साठ वर्षांवरच्या लोकांसाठी वेगळा कप आहे. कप म्हटल्यावर माझी कात्री थांबली.

शालिग्रामची भानगड इथे एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. शालिग्राम माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पन्नास वर्षं आम्ही रोज संध्याकाळी त्याच्या ओट्याच्या पायरीवर बुद्धिबळ खेळलो. खेळ आमच्या गावच्या पद्धतीचा. त्यात प्यादं पहिल्यापासून एकेकच घर चालतं, आणि शह लागलेला नसेल तर राजाला एका डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. एकदाच! लहान पोरालाही माहीत आहे. गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर एक दिवस खेळत होतो. त्याने सुरुवातीलाच उडी मारली होती, नेहमी मारायचा तशी. शेवटी माझ्या हत्तीने त्याचा राजा कोपऱ्यात दाबला, तर या गड्याने दुसऱ्यांदा राजा उचलला आणि उडवला.

मी म्हटलं, "भाऊ, झाली तुमची उडी."

तो म्हणाला, "बाकी हाये माही."

चार माणसं उभी होती. मला चढला राग. मी म्हटलं, "पन्नास वर्सं खेळलो तुमच्यासंग, आता म्हातारपनी बेइमानी कायले करता?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मग एकेक मोहरा डब्यात टाकला आणि घरात निघून गेला. एक शब्द बोलला नाही. बोलणार कसा? चोरी धरली गेली होती.

तर आता हे ठरलं. वाशीमचा कप जिंकायचा, त्या पायरीवर नेऊन ठेवायचा आणि म्हणायचं, भाऊ, हा बिनबेइमानीचा आहे. मग तो माफी मागेल. मग पाहू.

पल्लवीला म्हटलं, टाक नाव.

९ जानेवारी

पल्लवीने मोबाइलवरून नवे नियम वाचून दाखवले. नवे म्हणजे जगाचे, ती म्हणते, आपलेच तेवढे जुने. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. राजा आणि हत्ती मिळून एक जोडचाल करतात, तिला कॅसलिंग म्हणतात. आणि राजाला उडी नाही.

"अजिबात नाई?"

"अजिबात नाई, बाबा."

"मंग राजाचा काय उपेग?"

ती हसली. म्हणाली, घरोघरी हेच आहे. वच्छला चुलीपाशी होती, तिलाही हसू आलं. दोघी माझ्यावर हसल्या आणि मला बरं वाटलं. घरात असं हसणं बरेच दिवसांत नव्हतं.

सून चांगली मिळाली आहे. तिला सांगितलं तर डोक्यावर बसेल, म्हणून इथे लिहितो.

१५ जानेवारी

आज तो भेटला. स्टँडवर मी काळीपिवळी जीपमधून उतरलो, तो समोरच उभा. स्वच्छ धोतर, स्वच्छ सदरा, पण एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात बाईमाणसाची. माणूस माजला की पायाकडे पाहत नाही.

मी ठरवलं होतं, तो बोलला तरच बोलायचं. तो बोलला! माझ्या तोंडाकडे पाहून म्हणतो, "मंगरूळची गाडी गेली का हो?"

हो! मला 'हो' म्हणतो! पन्नास वर्षं 'जान्या' म्हणणारा माणूस आज मला परका असल्यासारखा 'गेली का हो' विचारतो. मी म्हटलं, "गेली." गाडी अजून यायची होती.

घरी येऊन पल्लवीला सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, बरं केलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुमी एकदा त्यायच्या घरी जाऊन या."

"त्यानं यावं."

"दवाखान्यातली गोष्ट मी घरी बोलत नाई, हे तुमाले माईत हाये."

"मंग नको बोलू," मी म्हटलं. दवाखान्याचा इथे काय संबंध, तेही कळलं नाही. मी माणुसकीचं बोलत होतो.

२१ जानेवारी

दुपारी शालिग्रामची बायको दुकानात आली. तुळसावयनी बाई सोन्यासारखी आहे, तिच्याशी माझं काही भांडण नाही. चार सदरे आणले होते, चारही त्याचे.

"भाऊजी, याच्या आतून कॉलरले पट्टी लावून द्या. पट्टीवर मशीननं आमचा मोबाइल नंबर काढून द्या."

"सदऱ्यावर नंबर कायले, वयनी?"

तिने सदऱ्यांची घडी सारखी केली. म्हणाली, "हरवते ना."

मला हसू आलं. सदरे हरवायला हा माणूस कुठे जातो? धोब्याकडे देत असेल, तिथे बदलले जात असतील. चार सदऱ्यांसाठी एवढी काळजी! स्वभावच तसा, आपली वस्तू आपल्याच हातात पाहिजे. मी काळ्या दोऱ्याने दहा आकडे काढले, घाईघाईत काढले, पट्टी जाड कॅनव्हासची लावली. मानेला टोचेल, मनात आलं. टोचू दे.

वयनी जाताना दारात थांबली. "तुमी येता नाई आता," म्हणाली. मी मशीन चालवली.

२८ जानेवारी

सराव चालू आहे. पल्लवी ड्युटीवरून आली की अर्धा तास माझ्यासमोर बसते. तिला खेळ येत नाही, फक्त माझ्या हातावर लक्ष ठेवते. उडी मारायला गेलो की चमचा वाजवते.

नियम बदलले तरी सुरुवात मी माझीच करतो. आधी घोडा बाहेर. मग त्या घोड्याच्या जुन्या जागेपुढचं प्यादं एक घर. मग वजिरापुढचं प्यादं एक घर. अशी भिंत झाली की राजा उडी मारून मधल्या मोकळ्या जागेत बसतो, तिथे त्याला कोणी हात लावू शकत नाही. याला आमच्याकडे 'शालिग्रामचं घर' म्हणतात. म्हणतात म्हणजे मी म्हणतो.

ते त्याने मला १९७३ साली शिकवलं. मी चौदा वर्षांचा होतो. शाळेतून येताना त्याच्या घरासमोर रस्त्यावर उभा राहून ओट्यावरचा खेळ पाहायचो. एक दिवस त्याने वर बोलावलं. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तर त्याची माय आतून म्हणाली, "पोरा, तठूनच पाह्य." आमच्या वस्तीतल्या माणसाने त्या ओट्यांवर चढायचं नाही, हे तेव्हा कोणी वेगळं सांगावं लागत नव्हतं. मला त्याच्या मायने सांगितलं, एवढाच फरक.

शालिग्राम तेव्हा वीस वर्षांचा. आईला उलटून बोलला नाही. पट उचलला, मोहरे दुपट्ट्यात बांधले, आणि उतरत उतरत सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन बसला. मला म्हणाला, "बस जान्या. तू पांढरे घे."

तेव्हापासून आमचा पट त्या पायरीवरच. पुढे म्हातारी गेली, दिवस बदलले, मी त्याच्या चुलीपाशी बसून जेवलो, माझ्या पोराच्या लग्नात तो चार दिवस आमच्या मांडवात होता. तरी पट पायरीवरच मांडायचा, वर कधी नाही.

मी हे काहून लिहून राह्यलो? सरावाचं लिहायचं होतं.

८ फेब्रुवारी, वाशीम

मंगल कार्यालयात शंभर-सव्वाशे पट मांडलेले. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी फक्त विहारात वंदनेच्या वेळी पाहिली आहे. प्रत्येक पटाजवळ घड्याळ. चाल केली की घड्याळाची आपली कळ दाबायची, मग समोरच्याचा वेळ पळायला लागतो. शिलाई मशीनसारखं आहे, पाय उचलायचा नाही.

पहिली फेरी नऊ वर्षांच्या पोरीशी. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते, ते हलवत हलवत तिने मला वीस चालींत आडवा केला. वर "थँक यू आजोबा" म्हणून गेली. पल्लवी सुटी काढून आली होती. ती भिंतीकडे तोंड करून हसत होती, मला दिसलं.

पण नंतरच्या तीन फेऱ्यांत दोन जिंकलो. खरंच जिंकलो! जिंकलो त्या दोन्ही वेळा पांढरे मोहरे होते, जपून खेळलो, राजाला हात लावायच्या आधी पल्लवीचा चमचा आठवला. साठीच्या वरचे आम्ही सहा. त्यात सगळ्यांत पुढे मी आणि रिसोडचे रामधन नावाचे निवृत्त पोस्टमन. दोघांचेही दोन-दोन गुण. उद्या पहिलाच डाव त्यांच्याशी, आणि पल्लवी म्हणते, तो डाव जिंकला तर कप बराचसा माझाच.

रात्री तिच्या मावशीकडे मुक्काम. मनात कप पायरीवर ठेवून पाहिला. छान दिसला.

९ फेब्रुवारी, वाशीम

सगळं क्रमाने लिहितो.

रामधन चांगला माणूस. साठी उलटलेली, पिकलेल्या मिशा, खेळताना कान चोळायची सवय. शालिग्रामही कान चोळतो. समोर बसल्या बसल्या मला गावात असल्यासारखं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा खांदे सैल झाले. माझे काळे मोहरे. त्यांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. मी घोडा काढला. मग घोड्याचं प्यादं एक घर. मग वजिराचं प्यादं एक घर. भिंत झाली. चौथ्या चालीला मी राजा उचलला, उडी मारून मोकळ्या घरात बसवला, घड्याळ दाबलं आणि मिशीवरून हात फिरवला.

रामधनजींनी घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. पंचबाई आल्या.

"काका, ही चाल चालत नाही."

आणि मी, जानराव टेलर, पासष्ट वर्षांचा माणूस, सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो, "काहून चालत नाई? उडी बाकी हाये माही!"

लोक हसले. आधी बाजूचे, मग त्यांच्या बाजूचे. ती नऊ वर्षांची पोरगी उठून उभी राहून पाहत होती. मला कळेना की हसतात का. महिनाभराचा सराव, तो चमचा, पल्लवी, सगळं जसं कोणी पुसून टाकलं होतं. माझ्या मनात त्या क्षणी खरंच उडी बाकी होती. मी खोटं बोलत नव्हतो.

रामधनजी हसले नाहीत. आजूबाजूला वळून म्हणाले, "हसाचं काय काम हाये? आमच्या गावातबी हाच नेम होता." मग मला म्हणाले, "होते भाऊ. बसा, पानी प्या."

पंचबाईंनी राजा जागेवर ठेवला, त्यांना दोन मिनिटं वाढवून दिली, आणि सांगितलं की राजाला हात लावला आहे तर आता राजाच हलवावा लागेल. हलवायला एकच घर मोकळं होतं, वजिराच्या पुढचं. ठेवला तिथे. चौथ्या चालीला माझा राजा भर रस्त्यात उभा, ना भिंत ना छत. रामधनजींनी खेळात मात्र दया केली नाही, आणि बरं झालं केली नाही. पाऊण तास मी त्या राजाला घेऊन इकडून तिकडे पळालो. शेवटी हरलो. हात मिळवला. कप गेला, हे तेव्हाच कळलं.

नंतर त्यांनीच चहाला नेलं. म्हणाले, "तुमची सुरवात पुस्तकात हाये, ठाऊक हाये का? इंडियन डिफेन्स म्हनतात तिले. फक्त पुस्तकात त्या मोकळ्या घरात उंट बसते. तुमी राजा बसोला."

मी म्हटलं, "पुस्तकाचं मले माईत नाई. मले शालिग्रामनं शिकोलं."

"मीबी पयल्या स्पर्धेत उडी मारली होती," ते म्हणाले. "पन मी लाजून चूप राह्यलो. तुमी बोलले. मले राग नाई आला तुमचा. तुमच्या डोयात दिसत होतं का तुमाले खरंच उडी बाकी वाटून राह्यली."

मी चहा खाली ठेवला.

तुमच्या डोळ्यांत दिसत होतं. रामधनजी मला तासभर ओळखतात, त्यांना दिसलं. मी शालिग्रामला पन्नास वर्षं ओळखतो. त्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या डोळ्यांत काय पाहिलं? मी काहीच पाहिलं नाही, मी चोर पाहिला.

पुढच्या दोन फेऱ्या कशा खेळलो आठवत नाही. एक जिंकलो म्हणे. सात फेऱ्यांत तीन गुण. साठीवरचा कप रामधनजींना मिळाला, मी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या.

काळीपिवळीत खिडकीशी बसलो होतो. मध्येच सगळं एका मागोमाग एक आलं. वेगवेगळ्या दोन चपला. 'गाडी गेली का हो.' सदऱ्याच्या कॉलरवरचा नंबर. हरवते ना, वयनी म्हणाली होती. सदरा नाही हरवत, जान्या. सदरा नाही.

पल्लवीला विचारलं, "त्याले काई झालं हाये ना?"

ती म्हणाली, "मी कसं सांगू, बाबा? वयनीले इचारा तुमी." आणि माझा हात धरून शेलूबाजार येईपर्यंत सोडला नाही.

१० फेब्रुवारी

सकाळी दुकान न उघडता गेलो. तो अंघोळीला गेला होता. तुळसावयनी मला पाहून दारातच रडायला लागली, मग मीही.

दोन वर्षं झाली म्हणे. आधी चष्मा विसरायचा, मग नातेवाइकांची नावं, मग रस्ता. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता हे असंच वाढत जाणार. दोनदा वावरातून घरी यायचं सोडून उलट दिशेला चालत गेला, लोकांनी आणून सोडला.

"मले काहून नाई सांगतलं, वयनी?"

"तेच म्हनत, जान्याले सांगू नोको. त्याच्यापुढं मले येडा नाई दिसाचं." मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "ज्या दिवसी तुमचं भांडन झालं ना भाऊजी, त्या दिवसी घरात आले अन खाटेवर बसले. मले इचारत होते, तुळसे, सांग बरं, मारली होती का मी उडी? जान्या म्हनते मारली होती. तो खोटं नाई बोलत. मंग मले काहून आठवत नाई? रातभर इचारत होते."

एवढं सगळं मी चौदा महिने एका शब्दात गुंडाळून ठेवलं होतं. बेइमानी! जीभ झडावी माझी.

वयनीकडून चारही सदरे मागून आणले. काळ्या दोऱ्याचे ते आकडे उसवले. जाड कॅनव्हास फेकला. मऊ मलमलची दुहेरी पट्टी लावली, मानेला कळणारही नाही अशी, आणि निळ्या रेशमाने सावकाश नंबर काढला. त्याखाली दुसरी ओळ काढली. तो माझा नंबर. आजवर हजारो सदरे शिवले, इतकं चांगलं काम हातून झालं नाही. वच्छला बाजूला बसून दोरे तोडत होती. तिचे आभार मानावेत असं बरंच आहे, ते पुन्हा कधी.

१२ फेब्रुवारी

आज संध्याकाळी गेलो. सदरे दिले. वयनीने ओट्यावर दोन खुर्च्या मांडल्या होत्या, पाहुण्यासाठी मांडतात तशा. शालिग्राम बाहेर आला. माझ्याकडे पाहून मान हलवली, भल्या माणसाने अनोळखी माणसाकडे पाहून हलवावी तशी. पट आणि डबा वयनीने तिथेच ठेवले होते, मी डबा वाजवला. मोहऱ्यांचा आवाज ऐकला आणि त्याचा चेहरा बदलला.

खुर्चीत नाही बसला. पट उचलला, काठी टेकत टेकत उतरला, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसला. म्हणाला, "ये. तू पांढरे घे."

नाव विसरला, रस्ता विसरला, ही पायरी नाही विसरला. का बसतो इथे, ते त्याला आता माहीत असेल नसेल. मला माहीत आहे. मी खाली बसलो, कोणी पाहिलं तर पाहो, डोळे पुसले.

मोहरे मांडले. मी घोडा काढला, मग प्यादं, मग वजिराचं प्यादं, आणि राजाला उडी मारून घरात बसवला. तो कान चोळत पाहत होता.

"हे घर कोनं शिकोलं तुले?"

"एक मानूस हाये, भाऊ. त्यानं शिकोलं."

"चांगलं शिकोलं," तो म्हणाला. आणि त्यानेही तेच घर बांधलं, त्याच क्रमाने, आणि उडी मारली.

खेळतो तसाच. माझा एक उंट असा खाल्ला की वाशीममध्ये कोणी खाल्ला नसता. पण शेवटी माझा हत्ती चालला आणि त्याचा राजा कोपऱ्यात आला. बराच वेळ पाहत राहिला. मग राजा उचलला, हवेत धरला आणि थांबला. माझ्याकडे पाहिलं. पटाकडे पाहिलं. परत माझ्याकडे पाहिलं. चौदा महिन्यांपूर्वी असंच पाहिलं होतं. यावेळी मीही पाहिलं. भीती होती ती, दुसरं काही नव्हतं.

"उडी बाकी हाये ना माही?" हळूच म्हणाला.

"हाये ना भाऊ," मी म्हटलं. "मारा."

त्याने मारली. नंतर दहा-बारा चालींत मला हरवलं आणि असा हसला की तुळसावयनी आतून बाहेर आली.

अंधार पडायला लागला, मी उठलो. म्हटलं, "भाऊ, येतो. लय दिलं तुमी मले." त्याला काय कळलं, देव जाणे. डबा बंद करताना म्हणाला, "उद्या येजो. अन येता येता त्या जान्याले घेऊन येजो. लय चांगला खेळते तो. माह्यावर रागावला हाये."

"नाई रागावला, भाऊ," मी म्हटलं. "आनतो त्याले."

उद्यापासून दुकान पाचला बंद.